सॉफ्टवेअर आलं तो आंबे बहार

बदनापूरच्या स्टेशनात सकाळची पॅसेंजर थांबते, रोजचीच माणसं रोजच्याच जागा धरतात, आणि फेब्रुवारीत एखाद्या दिवशी दारातून येणाऱ्या वाऱ्याला अचानक मोसंबीच्या फुलांचा वास असतो. डब्यातली बोलणी त्यामुळे थांबत नाहीत. आमच्या भागात हा वास दरवर्षीचाच. यंदा तो गेल्या मंगळवारी आला. मी खिडकीशी बसले होते. डोळे मिटून एक लांब श्वास घेतला, आणि समोर आले ते संगणकाच्या पडद्यावरचे छोटे छोटे लाल चौकोन. वासाचा आणि चौकोनांचा तसा काही संबंध नाही. एका वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात आले होते, एवढंच. पण तेव्हापासून माझ्या मनात ते एकमेकांना चिकटून बसलेत.

आमचा स्टुडिओ म्हणजे नव्या जालन्यात, बियाण्यांच्या एका दुकानावरचा पहिला मजला. जिना चढताना बियाण्यांना लावलेल्या औषधाचा उग्र वास नाकात जायचा आणि दुपारपर्यंत कपड्यांना राहायचा. वर आम्ही अकरा जण मुलांसाठीची कार्टून मालिका बनवायचो. मालिका हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीची, तिचे काही भाग आमच्या वाट्याला यायचे. जालन्यात कार्टून बनतं यावर माझ्या मावशीचा अजूनही विश्वास नाही. तिला वाटतं, मी कुठल्यातरी झेरॉक्सच्या दुकानात कामाला जाते आणि घरच्यांना थापा मारते.

सॉफ्टवेअर यायच्या आधीचं आमचं जग आठवलं की हसू येतं. भिंतीवर एक मोठा कागद होता. त्यावर स्टुडिओ चालवणाऱ्या प्रशांत सरांनी पट्टीने आखलेल्या रेघा, प्रत्येक प्रसंगाला एक नंबर, आणि झालेल्या कामावर पेन्सिलीची फुली. पंखा जोरात लावला की कागद फडफडायचा. फाइलींची नावं तर विचारू नका. आधी ‘फायनल’, मग ‘फायनल दोन’, मग ‘फायनल खरं’, आणि एकदा कुणीतरी वैतागून ठेवलेलं ‘आता हेच फायनल’. पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे. कुणाचं काम कुठपर्यंत आलं हे सर उभे राहून ओरडून विचारायचे, आणि आम्ही बसल्या जागेवरून ओरडून सांगायचो.

ते मोडलं एका मुंगसामुळे. मालिकेतल्या मुंगसाचे ओठ हलवायचं काम व्हायच्या आधीची जुनी फाइल आम्ही चुकून हैदराबादला पाठवली. तिकडच्या मोठ्या बैठकीत ती लावली गेली. चार मिनिटं मुंगूस तोंड घट्ट बंद ठेवून भाषण करत होतं. दुसऱ्या दिवशी सरांना फोन आला. यापुढे काम हवं असेल तर आम्ही वापरतो तेच सॉफ्टवेअर तुम्हीही वापरायचं. कोण काय करतंय, कुठली फाइल कुणी कधी केली, सगळं एका जागी दिसलं पाहिजे.

‘‘याला प्रॉडक्शन पाइपलाइन म्हणतात,’’ सरांनी आम्हाला समजावलं. सर बारा वर्षं हैदराबादेत हेच काम करून गावी परतलेले, त्यांना हे नवं नव्हतं. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की स्टुडिओत पाइपलाइन टाकायलेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, बागेतलं ठिबक तपासत होते. ते मान वर न करता म्हणाले, ‘‘मंग लीक कुठं होऊन राह्यलं ते रोज बघावं लागतंय.’’

त्याच आठवड्यात आमची मोसंबीची बाग फुलली. उन्हाळ्याआधीच्या या फुलोऱ्याला आंबे बहार म्हणतात. डिसेंबरभर पाणी तोडून झाडांना ताण दिलेला असतो. पानं मलूल होतात, झाडं वाळतात की काय असं वाटायला लागतं. मग पाणी सोडलं की पानांच्या बगलेत पांढऱ्या कळ्या धरतात आणि एका सकाळी सगळा मळा मधमाश्यांनी घुमायला लागतो. मी स्टेशनला निघताना अण्णांच्या मोटारसायकलच्या सीटवरही पाकळ्या असायच्या.

शफीभाईंबद्दल सांगितल्याशिवाय हे पुढे जाणार नाही. ते आमच्यात सगळ्यात मोठे, साठीला टेकलेले. जुन्या जालन्यातून सायकलवर कुंडलिका नदी ओलांडून यायचे. आल्यावर आधी खुर्ची पुसायचे, मग चष्मा, मग पडद्यावर रंगवायचं पेन. एकेकाळी ते सिनेमाचे बोर्ड रंगवत. वीस वीस फुटी चेहरे, दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचे मोर. मग फ्लेक्स आलं आणि वर्षभरात त्यांचे ब्रश वाळले. सरांनी त्यांना शोधून आणलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्या वयात ते पडद्यावर रंगवायला शिकले. मालिकेतल्या पात्रांच्या मागचं सगळं जग त्यांचं. जंगल, झोपड्या, पाणवठे, आभाळ. मंठ्याच्या वाटेवर उन्हं उतरताना माळावर जी तांबूस धूळ तरंगते, ती त्यांनी त्या जंगलात आणली होती. हैदराबादच्या लोकांना वाटायचं, ही कुठलीतरी खास शैली आहे.

सॉफ्टवेअर शिकवायला हैदराबादच्या मॅडम पडद्यावर आल्या. बोलायला गोड, घाईत नसलेल्या. प्रत्येक शॉटला एक चौकोन, त्या म्हणाल्या. काम हातात घेतलं की ‘सुरू’ दाबा, उठलात की ‘बंद’ दाबा. सुरू झालेलं काम पिवळं, पास झालेलं हिरवं, वेळ उलटली की लाल. ‘‘इससे आप सबका काम आसान हो जाएगा,’’ त्या शेवटी म्हणाल्या.

शफीभाई माझ्या शेजारी बसले होते. ते हळूच म्हणाले, ‘‘फ्लेक्स आलं तवाबी असंच बोलले होते बेटा. काम आसान होगा. इतना आसान हुआ, के बचाच न्हाई.’’

मला मात्र ते सॉफ्टवेअर आवडलं. खरंच आवडलं. सकाळी संगणक उघडला की दिवस समोर मांडलेला असायचा. कुणाला विचारायला नको, ओरडायला नको. सरांनी रोजची नोंद तपासायचं काम माझ्याकडे दिलं, कारण मला ते लवकर जमलं. आणि माझ्या नावापुढचे चौकोन भराभर हिरवे होत होते. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांची यादी लागायची, तिच्यात मी सतत वर. सर म्हणाले, ‘‘पुढच्या महिन्यात तुझं नाव टीम लीडसाठी पाठवतो.’’ मी घरी सांगितलं. अण्णांनी ते चहाच्या टपरीवर सांगितलं. दोन दिवसांनी स्टेशनवरचा तिकीटवालाही मला म्हणाला, ‘‘साहेबीण झालात म्हणे!’’

शफीभाईंचे चौकोन लाल होत गेले. आधी दोन, मग पाच, मग उभी रांगच लाल. ते सकाळी ‘सुरू’ दाबायचे आणि घरी जाताना ‘बंद’. मधल्या वेळात त्यांचं एकच चित्र उघडं. मी एकदा समजावायला गेले. ‘‘शफीभाई, उठताना बंद करत जा ना. तुमचा वेळ जास्त दिसतो.’’

‘‘मी उठतो कुठं? तुम्हीच मला उठवता,’’ ते हसून म्हणाले, आणि मी पण हसले. ते काय बोलले ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला, एका शुक्रवारी, सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे प्लायवूडच्या तीन फळ्या. सर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते.

‘‘हैदराबादहून सांगणं आलंय. एका आर्टिस्टची पूरी लाइन लाल हाय. म्हणतात, बॅकग्राउंड आम्ही इकडंच करून घेतो.’’

‘‘आणि शफीभाई?’’

‘‘बॅकग्राउंडच न्हाई राह्यली तर त्यांना बसवू कुठं?’’ सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘‘मीच आणलं त्यांना इथं. सोमवारी रिपोर्ट पाठवायचाय. तू तयार कर. माझ्यानं ते उघडवत न्हाई.’’

शनिवारी स्टुडिओत तुरळक माणसं होती. शफीभाई नव्हते, त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. खाली रस्त्यावर कुणीतरी मिरच्यांची पोती उतरवत होतं आणि मला मधूनमधून शिंका येत होत्या. रिपोर्टसाठी तारखा जुळवायला म्हणून मी माझाच एक शॉट उघडला. त्यात प्रत्येक फाइल कुणी जतन केली त्याची यादी असते. एरवी तिकडे कुणी बघत नाही. पहिली फाइल माझी. दुसरी माझी. तिसरी, पास झालेली, शफी.

मी पुढचा शॉट उघडला. पहिली मी, दुसरी मी, तिसरी शफी. त्याच्या पुढचा उघडला. मग त्याच्याही पुढचा.

माझं एक दुखणं होतं. मी चालवलेली पात्रं जमिनीवरून दोन बोटं वर तरंगायची. चाल बरोबर, हात बरोबर, पण पाय टेकायचे नाहीत. मग मी मान मागे वळवून म्हणायचे, ‘‘शफीभाई, जरा बघा ना.’’ ते आपलं काम तसंच उघडं सोडून यायचे. पावलाखाली एक पातळ सावली, टाचेमागे जराशी धूळ, कधी गवताची एखादी वाकलेली काडी. दहा मिनिटांत पात्राला वजन यायचं. ‘‘हां, अब जमीन पे उतरा,’’ म्हणून ते निघून जायचे आणि मी ‘पूर्ण’ दाबायचे. चौकोन हिरवा व्हायचा. माझा.

दुपारपर्यंत मी सगळ्यांचे शॉट उघडून पाहिले. प्रत्येकाच्या नावावरच्या कामात कुठे ना कुठे शफीभाई होते. कुणाचा उजेड सुधारलेला, कुणाचं पाणी. पण सगळ्यात जास्त ते माझ्या चौकोनांत होते. ते लाल झाले होते, कारण आम्ही हिरवे झालो होतो. सॉफ्टवेअरने काही लपवलं नव्हतं. त्याने सगळं टिपून ठेवलं होतं, तारखेसकट. आम्ही ते पान उघडलं नव्हतं, इतकंच.

आता नव्याने कामाला लागलेल्या मुली मला विचारतात, हे सॉफ्टवेअर नव्हतं तेव्हा तुम्ही काम कसं करत होतात? मी मुंगसाची गोष्ट सांगते. त्या पोट धरून हसतात. त्या शनिवारची गोष्ट मी त्यांना सांगत नाही. त्या दिवशी मी ते पान बंद केलं होतं. संगणकही बंद केला होता. आणि दुपारच्या गाडीने घरी आले होते.

रविवारी मी बागेत बसून राहिले. फुलांचा भर ओसरला होता, झाडांखाली पाकळ्यांचा पिवळट सडा, आणि फांद्यांवर मोहरीएवढी हिरवी फळं. मी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. शफीभाईंनी आपणहून मदत केली, मी मागितली तर काय बिघडलं? सगळेच मागत होते. रिपोर्टमध्ये जे विचारलंय तेच द्यायचं असतं. त्यांचं वय झालंय. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी शेवटापर्यंत पोचले की मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचे.

अण्णा पाणी पिऊन शेजारी टेकले. ‘‘रिपोर्ट झाला का तुझा?’’

‘‘नाही.’’

‘‘साहेबीण बाईचं काम वाढलं,’’ ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्यांच्याकडे बघवेना.

‘‘अण्णा, मी लीड नाही झाले तर चालेल का?’’

ते माझ्याकडे बघत राहिले. ‘‘काय केलंस?’’

मी सांगितलं. सगळं. अण्णा पायाजवळची एक काडी उचलून तिचे तुकडे करत राहिले. मग म्हणाले, ‘‘टपरीवर मी सांगितलं, मीच निस्तरीन. तू तुझं बघ.’’

सोमवारी मी सरांच्या आधी पोहोचले. सॉफ्टवेअरमध्ये कामाचे प्रकार असतात, नवा प्रकार जोडायची मुभा माझ्याकडे होती. मी एक जोडला. त्याचं नाव ठेवलं ‘फिनिशिंग’. आणि जिथे जिथे शेवटची फाइल शफीभाईंची होती, तिथे ते काम त्यांच्या नावावर लावलं. पहिला माझाच शॉट घेतला, कारण दुसऱ्या कुणाचा आधी घेतला असता तर मी मधेच थांबले असते, हे मला ठाऊक होतं. दोन तास लागले. त्यांची लाल रांग संपता संपता खाली हिरव्याचा पट्टा सुरू झाला आणि वाढतच गेला. माझी रांग अर्ध्यावर आली.

सर माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

‘‘शफीभाईंनी पुरं केलेल्यात तुझं नाव सगळ्यात जास्त दिसून राह्यलं.’’

‘‘हो सर.’’

‘‘हे पाठवलं तर लीडचं मी बोलू शकणार न्हाई.’’

‘‘माहीत आहे.’’

सरांनी माउस माझ्या हातातून घेतला आणि खालपासून वरपर्यंत सगळी यादी हळूहळू वाचली. मग स्वतःच ‘पाठवा’ दाबलं.

दुपारी मॅडम पडद्यावर आल्या. नेहमीच्या गोड सुरात सुरुवात झाली, मग त्या यादी खालपर्यंत वाचत गेल्या. ‘‘मतलब ये जो आपके एपिसोड का लुक है,’’ त्या म्हणाल्या, ‘‘जिसकी यहाँ सब तारीफ करते हैं, वो ये एक आदमी कर रहा था?’’

‘‘जी,’’ सर म्हणाले. ‘‘और हम सब उनका टाइम खा रहे थे.’’

सगळं काही गोड झालं नाही. निम्मी बॅकग्राउंड हैदराबादला गेलीच, तिकडे ती लवकर होत होती. पण फिनिशिंग हे काम कायमचं जालन्यात राहिलं, शफीभाईंच्या नावाने. त्यांची खुर्ची राहिली. लीड स्वप्निल झाला. माझ्या शेजारी बसणारा, कमी बोलणारा मुलगा, त्याच्या चौकोनांत शफीभाई सगळ्यात कमी होते. त्याला ते मिळायलाच हवं होतं. तरी त्याचं अभिनंदन मी सगळ्यांच्या शेवटी केलं, हेही खरं.

शफीभाई खूश होतील असं मला वाटलं होतं. ते चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

‘‘कोण बोललं तुला हे लिहायला?’’ ते उभे राहून म्हणाले. सगळे ऐकत होते. ‘‘पोरांना जरा हात लावून दिला, ते काय लिहून ठेवायचं असतंय का? आता ही पोरं माझ्याकडं येतील? येतील काय? दहा वेळा विचार करतील, के शफीभाईला बोलावलं तर आपला नंबर कटतो!’’

ते बरोबर बोलत होते. पुढचे कितीतरी दिवस कुणी मान वळवून ‘जरा बघा ना’ म्हणालं नाही. काम रीतसर त्यांच्याकडे जायचं, रीतसर परत यायचं. स्टुडिओ शांत झाला होता. त्यांची नोकरी वाचली आणि त्यांच्या खुर्चीभोवतीची गर्दी गेली. त्याबद्दल आजही मी स्वतःला पुरतं माफ केलेलं नाही. आणि तरी, तो सोमवार पुन्हा आला तर मी तेच करीन.

माझ्याशी ते कामापुरतं बोलत. ‘‘फाइल आली.’’ ‘‘फाइल गेली.’’ मला बेटा म्हणणं त्यांनी सोडलं होतं. उन्हाळा असाच गेला. कूलरच्या घरघरीत, दोन टेबलांमधल्या चार फुटांच्या अंतरात.

पावसाळ्याच्या मध्यावर मालिकेचे आमचे नवे भाग टीव्हीवर लागले. तोवर आमच्या कामाखाली फक्त स्टुडिओचं नाव जायचं. या वेळी हैदराबादच्या कंपनीने शेवटची नामावली त्या सॉफ्टवेअरमधूनच काढली. ज्याच्या नावावर जे काम, ते जसंच्या तसं. आम्हाला कुणाला हे ठाऊक नव्हतं.

त्या रविवारी सकाळी मी भाजी निवडत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. ‘‘मैं रुखसाना बोल रही हूँ, मंठ्याहून. शफीभाईंची मुलगी. अब्बा इथंच आलेत चार दिवस. टीव्हीवर अब्बांचं नाव आलं, इंग्लिशमध्ये. मी फोटो काढून ठेवला. मी वाचून दाखवलं तर म्हणायलेत, तू माझं मन राखायला बोलून राह्यलीस. तुम्हीच सांगा त्यांना.’’

फोटो आला. वाकडा, टीव्हीच्या काचेत खिडकीचा उजेड पडलेला. पण अक्षरं स्पष्ट होती. फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला, आणि मग त्यांनी घसा साफ केल्याचा.

‘‘वाच,’’ शफीभाई म्हणाले.

‘‘शफी शेख.’’

‘‘आगे काय लिहिलंय?’’

‘‘बॅकग्राउंड आणि फिनिशिंग.’’

‘‘पुन्हा एकदा वाच.’’

मी पुन्हा वाचलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, लहान पोरं एकमेकांना गप्प करत होती.

‘‘आन तुझं कुठंय, बेटा?’’

‘‘आहे, शफीभाई. खाली, बारीक अक्षरात.’’

‘‘तेबी वाच,’’ ते म्हणाले. ‘‘जरा जोरात. इथं सगळे ऐकून राह्यलेत.’’